दीड तोळ्याचं पुष्पक

अमळनेरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘पुष्पक विमानाचं, पिळलेल्या रबराने प्रोपेलर फिरवून उडणारं १८ इंची मॉडेल बाल्सा (अगदी हलकं लाकूड) आणि पतंगी कागदाचं बांधलं. रबर न घालता नुसतं विमान ३१ ग्रॅम भरलं. मागून जड वाटलं म्हणून नाकात शिसं घातलं. कमी पीळ दिले तर समोरच उतरतं. जास्त दिले की नाक वर करतं, क्षणभर थांबतं आणि डावीकडे गोता खातं. रबर तीनशे पिळांतच तुटतं. पंख पावसाळ्यात बांधला, तो आता पिळवटलाय. कुठे चुकलं?’

तक्रारी चार असल्या तरी रबराची सोडली तर बहुतेकांचं मूळ शेपटीत आहे. तिथे गरजेपेक्षा जास्त लाकूड गेलंय. बाकी बरंचसं त्यामागून आलं.

विमानाची निवड मात्र उत्तम आहे. हिंदुस्तान एअरक्राफ्टचं पुष्पक पहिल्यांदा १९५८ साली उडालं आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत शिकाऊ वैमानिकांचं विमान झालं. वर पंख, चौकोनी धड, साधी चाकं. रबरावर उडवायला हीच ठेवण सोयीची. खऱ्या विमानाचा पंख ३६ फुटांचा, म्हणजे १:२४ प्रमाणात बरोबर १८ इंच, आणि पंखाचं क्षेत्रफळ साधारण २८० चौरस सेंमी. एवढ्या पंखावर रबर सोडून १६-१७ ग्रॅमचं विमान छान उडतं. जळगावच्या सराफी भाषेत सांगायचं तर जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने जेमतेम दीड तोळा. तुमचं जवळजवळ पावणेतीन तोळे झालंय.

हा फरक नुसत्या आकड्यापुरता नाही. रबर धरून तुमचं विमान ३५ ग्रॅमच्या वर जातं, हलकं बांधलेलं २१ च्या आत राहतं. वजन वाढलं की हवेत टिकायला वेग वाढवावा लागतो. इथे तो सुमारे ३० टक्के जास्त लागतो, आणि सरळ उडत राहायला लागणारी ताकद सव्वादोन पट होते. तेवढी ताकद द्यायला रबर जाड घ्यावं लागतं. जाड रबरात पीळ कमी बसतात आणि विमानाला आडवं लोळवणारा झटका वाढतो. म्हणून तुमचं विमान एकतर समोरच बसतं, नाहीतर गोता खातं. मधली अवस्थाच उरत नाही.

सगळ्यात आधी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. सराफी दुकानात असतो तसाच, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. प्रत्येक भाग तयार झाला की तोला आणि नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. कागद लावून झाल्यावर पंख ४.२ ग्रॅम, धड ४, आडवी आणि उभी शेपूट मिळून १.१, नाकाचा ठोकळा, प्रोपेलर आणि तार मिळून ४, चाकं आणि त्यांची तार १.५, पंखाचे आधारदांडे ०.६, आणि तोल साधायला नाकात १ ग्रॅम. बेरीज १६.४.

यातली १.१ ही संख्या सगळ्यात महत्त्वाची. या मापाचं विमान साधारण २६-२७ सेंमी लांब होतं. तोलाचा बिंदू नाकापासून सात-साडेसात सेंमीवर येतो, शेपटीचा मध्य त्याच्या मागे सोळा-सतरा सेंमीवर. म्हणजे शेपटीतल्या एका ग्रॅमला उत्तर द्यायला नाकात सव्वादोन ग्रॅम घालावे लागतात. तुमची शेपूट बहुधा २.८ ग्रॅमच्या आसपास असेल. तिथले जादा १.७ आणि नाकातलं चार ग्रॅम शिसं मिळून जवळजवळ सहा ग्रॅम फुकट गेले. म्हणून आधी शिसं काढू नका, शेपूट नवी बांधा. सुकण्याची रात्र सोडली तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

नवी शेपूट १.५ मिमी चौरस काड्यांची करा. गोलाईसाठी बाल्साच्या जाड पाटीतून तुकडे कापून जोडू नका. ०.८ × १.५ मिमीच्या दोन पट्ट्या दहा मिनिटं पाण्यात भिजवा, पुठ्ठ्याच्या साच्याभोवती पातळ फेव्हिकॉल लावून एकावर एक वळवा आणि रात्रभर सुकू द्या. अशी कड वजनाला निम्मी आणि मजबुतीला दुप्पट पडते. पतंगाच्या कामटीचा मोह होईल, कारण ती सहज मिळते, वाकते आणि तुटत नाही. पण बांबू बाल्साच्या कित्येक पट जड. कामटी चाकांच्या तारेशेजारी आधाराला लावा, शेपटीत नको. आडवी शेपूट मूळ प्रमाणापेक्षा १० टक्के मोठी केली तर बघणाऱ्याला कळत नाही आणि विमान बरंच शहाण्यासारखं वागतं.

बाल्सा कुरिअरनेच येतो आणि दुकानदार हाताला लागेल ती पाटी पाठवतो. तो मुख्यतः इक्वेडोरहून येतो आणि एकाच झाडात हलकं-जड दोन्ही सापडतं. १.५ मिमी जाड, ७५ मिमी रुंद आणि ९१ सेंमी लांब पाटी तोलून बघा. ९ ते ११ ग्रॅम भरली तर पंखाच्या रिबा (फासळ्या), शेपूट आणि धडाच्या मागच्या काड्या तिच्यातून काढा. १६ ते १८ भरली तर ती फक्त धडाच्या चार लांब काड्या आणि पंखाचा मुख्य दांडा यांच्यासाठी. २० च्या वरची पाटी खोकी करायला ठेवा. काड्या पोलादी पट्टी आणि नव्या ब्लेडने स्वतः कापा. एका पाटीतल्या काड्यांमध्येही फरक असतो. दोन बोटांत धरून वाकवून बघितल्या की दहा मिनिटांत हाताला कळायला लागतं. धडाच्या दोन बाजू एकावर एक ठेवून बांधाल तेव्हा समोरासमोरच्या काड्या सारख्या वाकणाऱ्या निवडा. नाहीतर बाजू जोडल्यावर धड केळ्यासारखं वाकडं होतं, आणि ते पुढे कशानेही सरळ होत नाही.

(ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी लहानपणी ज्यांनी केली त्यांना धांड्याच्या गराचं हलकेपण माहीत आहे. तो गर दांड्याला चालत नाही, चुरतो. पण वैमानिकाचं डोकं आणि इंजिनचे दिखाऊ सिलिंडर कोरायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. वजन नगण्य.)

चिकटवायला फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घाला आणि टाचणीच्या टोकाने लावा. सांध्यातून गोंद बाहेर ओघळला तर तो जास्त झाला. फेविक्विक घाईच्या दुरुस्तीला ठीक, पण पूर्ण विमान त्यावर बांधलं तर सांधे काचेसारखे ठिसूळ होतात आणि पहिल्या आपटीत सुटतात. गोंदाचं वजन कुणी मोजत नाही, पण ढिसाळ हाताने एका मॉडेलात दीड-दोन ग्रॅम सहज जातात.

पंख पिळवटण्याचं कारण कागद आणि हवामान. श्रावणात, हवेत ओल असताना कागद लावला, तेव्हा तो आधीच फुगलेला होता. दिवाळीनंतर खान्देशातली हवा कोरडी झाली, कागद आवळला आणि जिथे सांगाडा कमजोर तिथून पंख ओढला गेला. उपाय असा: कागद सांगाड्यावर लावण्याआधीच आवळून घ्या. लाकडी चौकटीवर कागदाच्या कडा चिकटवा, बारीक फवाऱ्याने पाणी मारा, सुकू द्या, पुन्हा मारा. दोन-तीनदा केलं की कागदातली ओढ निघून जाते. मग कापून पंखाला लावा. नंतर विमानावर पाणी मारायचं नाही. आवळलेला तंगपणा कमी दिसतो, पण पंख सरळ राहतो. या मापाच्या विमानात ताणलेल्या कागदापेक्षा सरळ पंख जास्त कामाचा.

पतंगाचा ताव चालतो, मात्र तोलून घ्या. ३० × ३० सेंमीचा तुकडा १.६ ग्रॅमपर्यंत असेल तर ठीक. २ च्या वर असेल तर पतंगच करा. कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. सरळ फाटण्याची दिशा पंखाच्या लांबीला समांतर ठेवा, म्हणजे दोन रिबांमधला कागद खाली बसत नाही. मैद्याची खळ वापरू नका, झुरळं कागद कुरतडतात. साधी ग्लू स्टिक किंवा पातळ फेव्हिकॉल पुरे. कागदाची भोकं बुजवायला लाकडावर मारतात तो एनसी लॅकर एक भाग, थिनर तीन भाग आणि अर्ध्या वाटीला चार-पाच थेंब एरंडेल. एरंडेलामुळे लॅकर लवचिक राहतो, उन्हाळ्यात आवळत नाही. एकच पातळ हात द्या. हे काम उघड्या हवेत, चुलीपासून लांब. रंग लावू नका, रंगीत कागदच घ्या. पुष्पकवरची अक्षरं काळ्या कागदातून कापून लॅकरने चिकटवली की झालं.

आत्ताचा पिळवटलेला पंख टाकून द्यायची गरज नाही. चहाच्या किटलीच्या वाफेवर धरा, हव्या त्या दिशेने थोडा जास्त पीळ द्या आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवा. मात्र पंख पूर्ण सपाट करू नका. दोन्ही टोकांची मागची कड मधल्या भागापेक्षा २ ते ३ मिमी वर हवी. म्हणजे वेग कमी झाला तरी टोकं आधी बसत नाहीत आणि विमान एका बाजूला कोसळत नाही. डाव्या पंखाची धडाजवळची मागची कड मात्र एक-दीड मिमी खाली ठेवा. रबराचा झटका विमानाला डावीकडे लोळवतो, हा छोटासा पीळ ते डावं अंग उचलून धरतो. खऱ्या पुष्पकचे पंख जवळजवळ सपाट आहेत, तुम्ही मात्र दोन्ही टोकं १५ मिमी उचला. इथे प्रमाणबद्धतेचा हट्ट धरला तर विमान कपाटात शोभेल, आकाशात नाही.

आता रबर. भाजीच्या जुडीचे रबरबँड जोडून कुणी केलं असेल तर ते तीनशे पिळांत तुटणारच. मॉडेलसाठीचं नैसर्गिक रबर लांब पट्टीत मिळतं, सध्या टॅन सुपर स्पोर्ट हे नाव सगळीकडे चालतं. तुमच्या विमानाला २.४ मिमी रुंद पट्टी, चारपदरी, ४७ सेंमी लांब. एकूण पट्टी १.९ मीटर, वजन साधारण ४.४ ग्रॅम. पट्टीला लावलेली पावडर साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत सुकवा, दोन टोकं थुंकीने ओली करून घट्ट गाठ मारा, मग तेल चोळा. तेल सिलिकॉनचं, ट्रेडमिलच्या पट्ट्याला लावतात ते चालतं. ते नसेल तर एरंडेल. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, व्हॅसलिन यांना हात लावू नका. ती रबरात मुरतात आणि रबर फुगून मऊ पडतं.

प्रोपेलरचा हूक आणि मागची खुंटी यांच्यातलं अंतर २२ सेंमीच्या आसपास, रबर ४७. सुटं रबर मागे लोंबून राहिलं तर उड्डाण संपताना गाठोडं शेपटीकडे सरकतं आणि तोल बिघडतो. म्हणून वेणी घाला. ९४ सेंमीचा दोनपदरी फास करा, विमानात पीळ भराल त्याच्या उलट्या दिशेने साठ-सत्तर पीळ द्या, मग मध्यभागी दुमडून दोन्ही टोकं एकत्र आणा. रबर आपोआप दोरखंडासारखं वळतं आणि आखूड होतं. गाठ मागच्या खुंटीकडे ठेवा. ही खुंटी ३ मिमीच्या ॲल्युमिनियम नळीची करा. पोकळ असल्यामुळे तिच्यातून तार घालून विमान खुंटाला अडकवता येतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

पीळ विमान हातात धरून बोटाने भरायचे नसतात. नाकाचा ठोकळा काढा, रबर वाइंडरला (पीळ भरायच्या हातयंत्राला) लावा आणि दोन मीटरपर्यंत ताणा. निम्मे पीळ तिथेच उभं राहून भरा, उरलेले भरताना हळूहळू पुढे या. वाइंडर नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातलं हाताने फिरवायचं ड्रिल घ्या, एका फेऱ्यात किती पीळ होतात ते आधी मोजून. नव्या रबराला पहिल्यांदाच पूर्ण पीळ देऊ नका. २०० भरा, सोडा, ४०० भरा, सोडा, दहा मिनिटं विश्रांती द्या. ताजं चांगलं रबर या मापात साधारण ११००-१२०० पिळांना तुटतं, पण दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबू नका. त्याच पट्टीचं तेवढंच एक रबर मुद्दाम तुटेपर्यंत पिळून बघा. आलेल्या आकड्याच्या तीन चतुर्थांशांवर थांबा. तुटताना रबर धडाच्या आत फुटलं तर सांगाड्याचा चुरा होतो. म्हणून पीळ भरताना धडात जाड कागदाची गुंडाळी नळीसारखी घाला आणि शेवटी काढून घ्या.

मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत रबर पडलं की संपलं. हवाबंद डब्यात, अंधारात, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवा. तेल लावलेलं रबर काळ्या मातीवर पडलं तर तसंच वापरू नका. मातीचा कण चिरा पाडतो आणि पुढच्या पिळात तिथूनच तुटतं. कपाशीच्या वावराजवळ उडवत असाल तर बोंडांचे तंतूही चिकटतात. धुवायचं, पुन्हा तेल लावायचं.

उडवायला लागताना एक गोष्ट पक्की धरा: विना-पिळाचं हवेतलं घसरणं सुधारायचं ते शेपटी आणि नाकातल्या वजनाने, पिळावरचं उड्डाण सुधारायचं ते फक्त प्रोपेलरच्या रोखाने. तुमचा गोता या दोन्हींची गल्लत झाल्यामुळे आहे. विमान समोर उतरतं म्हणून शेपटीची मागची कड वर वळवली असणार. कमी पिळात तेवढ्याने भागलं. जास्त पीळ मिळाल्यावर वेग वाढला, शेपटीने नाक वर ओढलं, विमान थांबलं आणि झटक्याने डावीकडे पडलं.

तोल पंखाच्या रुंदीच्या पुढून ३० टक्क्यांवर आणा, रबर आत असताना. मऊ गवतावर गुडघ्यावर बसा आणि विमान खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, भाला फेकल्यासारखं नाही तर नुसतं पुढे सोडा. सहा-सात मीटर सरळ घसरत जाऊन चाकांवर टेकलं पाहिजे. मध्येच नाक उचलत असेल तर शेपटीची कड अर्धा मिमी खाली. आपटत असेल तर अर्धा मिमी वर. हे जमल्यावर शेपटीला पुन्हा हात लावायचा नाही.

मग १५० पीळ. विमान जेमतेम उंची राखून डावीकडे मोठं वर्तुळ घेईल. ३०० ला नाक वर करून थबकलं तर नाकाचा ठोकळा आणि धड यांच्यामध्ये वरच्या बाजूला पुठ्ठ्याची चकती घाला. ठोकळा २० मिमी उंच असेल तर १ मिमी चकतीने प्रोपेलर सुमारे ३ अंश खाली झुकतो. पुष्पकसारख्या विमानाला ३ ते ५ अंश लागतात. डावीकडे वळण आवळत चाललं तर अर्धा मिमीची चकती डाव्या बाजूला, म्हणजे प्रोपेलर उजवीकडे रोखला जाईल. एका उड्डाणात एकच बदल करा. दोन केले तर कोणता लागू पडला ते कळत नाही. दीडशे-दीडशेने वाढवत ९०० पर्यंत या. १५ सेंमीचा प्लॅस्टिक प्रोपेलर असेल आणि वजन सांगितल्याप्रमाणे उतरलं असेल तर ३०-४० सेकंद हवेत राहायला हरकत नाही. १८७१ साली पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनोने पिळाच्या रबरावर पहिलं स्थिर उडणारं मॉडेल दाखवलं, ते ११ सेकंद उडालं होतं. युक्ती तीच, रबर तेवढं सुधारलं.

वेळ आणि जागा निवडण्यात खान्देशात फार मोकळीक नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी, उजाडल्यापासून साडेआठपर्यंतची शांत हवा सर्वोत्तम. थंडी आठ-दहा अंशांवर गेली असेल तर रबर कडक पडतं आणि लवकर तुटतं, भरण्याआधी ते खिशात ठेवून गरम करा. दहानंतर जमीन तापली की वर जाणाऱ्या हवेचे स्तंभ तयार होतात. सोळा ग्रॅमचं विमान त्यात सापडलं तर परत येईलच असं नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळीही वावटळी उठतात, आणि ४४ अंशांची हवा दहा अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असल्याने विमानाला जास्त वेगाने उडावं लागतं. हिवाळ्यात नीट बसलेलं मॉडेल उन्हाळ्यात निराळं वागतं ते यामुळेच. चकत्या बदलण्याआधी थर्मामीटर बघा.

वेचणी झालेली कपाशी उभी असलेलं वावर टाळा. पऱ्हाट्या कागदातून आरपार जातात. हरभरा किंवा गहू निघालेलं शेत, शाळेचं मैदान, तापीकाठची मोकळी गवताळ जागा चांगली. यावल-रावेरकडे असाल तर केळीच्या बागेपासून, वारा बागेकडे वाहत नसेल अशा बाजूला, दोनशे मीटर तरी लांब राहा. बागेत शिरलेलं विमान पानांवर अडकतं, खालून दिसत नाही आणि पाणी सुटलं की कागदाचा लगदा होतो. जळगाव विमानतळ, धुळ्याची गोंदूर धावपट्टी आणि शिरपूरची धावपट्टी यांच्या आसपास काहीही उडवू नका. पंखाच्या पोटाला बारीक पेन्सिलीने मोबाइल नंबर लिहा, शाईने नाही, शाई लॅकरमध्ये पसरते. आणि जुनी शेपूट फेकू नका. नवी बसवण्याआधी दोन्ही काट्यावर एकामागून एक तोलून बघा, मग नाकातलं शिसं किती काढायचं ते लगेच कळेल.